लॅपटॉपची पिन आणि लांबलेली प्रार्थना

बाभूळखेडे, ता. राहुरी
सोमवार, ७ डिसेंबर १९९८

आदरणीय रॉबिन दाजी,

धाकटा मेहुणा याकोब याचा तुम्हाला आणि अक्काला ख्रिस्तात सप्रेम सलाम. इकडे सर्व क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्याकडे रीत आहे म्हणून लिहितो. ते कितपत खरं हे पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा. तुमचं ब्लडप्रेशर आता कसं आहे? मीठ कमी केलंत का? अक्काने मागच्या पत्रात लिहिलं होतं की डॉक्टरांनी तुम्हाला चिडायला मनाई केली आहे. ते वाचल्यापासून रेबेका आणि मी रोजच्या प्रार्थनेत तुमचं ब्लडप्रेशर नावानिशी घेतो आहोत. (आधीही घेत होतो, पण दिवाळीपासून जरा जास्त कळकळीने घेतो. कारण पुढे येईल.) तेव्हा हे पत्र उभ्याने वाचू नये, गोळी घेतल्यावर वाचावं आणि अक्का जवळ असताना वाचावं, एवढीच विनंती. बाकी या पत्रात मागणं काहीही नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलो.

तर खुशाली अशी. उन्हाळ्यात तुम्ही आमच्या लेकीसाठी, एस्तेरसाठी, तुमच्या कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप घेऊन आलात, तो दिवस मी विसरलेलो नाही. पुण्यापासून राहुरीपर्यंत एसटीत तुम्ही तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. ओट्यावर बसून चहा घ्यायच्या आधी तुम्ही आम्हाला सूचना दिल्यात : जवळ खायचं नाही, धूळ बसू द्यायची नाही, बॅटरी केव्हाच मेलेली आहे म्हणून वायर लावल्याशिवाय चालणार नाही, आणि त्या वायरीची पिन जिथे आत जाते ती जागा नाजूक आहे, तिला हिसका बसता कामा नये. हे शेवटचं तुम्ही दोनदा सांगितलंत, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून सांगितलंत. (मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.) फ्लॉपी घालून चालवायचा बाहेरचा डबा कंपनीने वेगळा ठेवून घेतला होता, तो तुम्ही नाताळात आणणार आणि एस्तेरचा प्रबंध फ्लॉपीवर उतरवून पुण्यात छापून घेणार, असं ठरलं होतं. तोवर जे काही लिहिलेलं असेल ते त्या यंत्राच्या पोटातच राहणार होतं.

आणि लिहिलेलं पुष्कळ होतं, दाजी. कांद्यावरच्या करप्यावर एस्तेरने दोन वर्षं काम केलं, शेताच्या बांधावर बसून पानांवरचे ठिपके मोजले. त्याचा प्रबंध तिने पावसाळाभर आमच्या मधल्या खोलीत खिडकीजवळच्या स्टुलावर ते यंत्र ठेवून, स्वतः खाली बसून, दोन बोटांनी लिहिला. आकडे कागदावर आहेत, पण त्या आकड्यांचा अर्थ काय हे सांगणारी प्रकरणं फक्त यंत्रात. जानेवारीच्या मध्यापर्यंत प्रबंध बांधून विद्यापीठात दिला नाही, तर तोंडी परीक्षा पुढच्या सत्रावर जाते आणि संशोधन सहायकाची जी जागा तिच्यासाठी तिच्या सरांनी धरून ठेवली आहे, ती दुसऱ्या कुणाला जाते. आमच्या घराण्यात शेतीचं शिक्षण घेऊन शेतमजुरी न करणारी ही पहिलीच. हे मी तुम्हाला सांगायला नको.

दिवाळीनंतरच्या बुधवारी प्रार्थनासभा आमच्या घरी होती. आमच्या घरात घट्ट बसणारं सॉकेट एकच, तेही स्वयंपाकघरात, त्यामुळे लॅपटॉपची वायर स्वयंपाकघरातून निघून मधल्या खोलीच्या बरोबर मधून खिडकीपर्यंत जाते. सभेपुरतं बंद करून ठेवते, असं एस्तेर म्हणाली होती. मीच म्हटलं, राहू दे चालू, मंडळींना बघू दे. (काय करणार, बापाचं मन.) मंडळी आली, यंत्राकडे लांबून आदराने बघून सतरंजीवर बसली. पाळकसाहेब समोर, गोजरबाई आणि बाकीच्या बाया डावीकडे, एस्तेर स्टुलाशेजारी. लंकाबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून घरातली एकुलती एक खुर्ची त्यांना भिंतीशी दिली. गाणी झाली, वचन झालं, आणि शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांनी गुडघे टेकले. मी आपला नेहमीसारखा उभा. आमचे वडील उभ्याने प्रार्थना करत, मीही उभ्यानेच करतो आणि भरात आलो की जरा मागेपुढे झुलतो. (रेबेकाला ते आवडत नाही. ती म्हणते, अंगात आल्यासारखं दिसतं.)

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना तुम्ही ऐकलेली आहे. पावसापासून निघाले, मुळा धरणाच्या पाण्याचे आभार मानले, कारखान्याचा गळीत हंगाम, आजारी मंडळी, प्रवासातली मंडळी, करता करता दिल्लीच्या सरकारपाशी पोचले, आणि तेवढ्यात खोलीत धाडकन आवाज झाला. पाठोपाठ काहीतरी जळाल्याचा वास आला. दाजी, तो आवाज कशाचा हे मला कळलं होतं. घरात त्या वजनाची, त्या आवाजाची दुसरी वस्तूच नाही. पण आमेन झालेलं नव्हतं! आमच्या वडिलांची शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. आमेन व्हायच्या आधी डोळे उघडले तर ते कानाखाली वाजवत, आणि ते बरोबर पकडत. त्या भीतीने मी पन्नाशी ओलांडूनही डोळे घट्ट मिटून उभा राहिलो. पाळकसाहेब क्षणभर थांबले, "या घरातल्या सामानाचंही रक्षण कर" एवढं एक वाक्य मधेच घातलं, आणि पुन्हा सरकारकडे वळले. नंतर परदेशातल्या मिशनऱ्यांना घेतलं, अनाथांना घेतलं, तुरुंगात असलेल्यांना घेतलं. इतकी लांब प्रार्थना मी माझ्या लग्नातही ऐकलेली नाही.

आमेन झालं, डोळे उघडले, आणि पाहतो तो लॅपटॉप जमिनीवर पालथा, वायर पायात, आणि पिन वाकून बाजूला पडलेली. पिन जिथे आत जाते त्या भोकाच्या मधोमध एक बारीक सुई असते, ती तुटून पिनेतच अडकून आली होती आणि ते भोक स्वतःच आत ढकललं गेलं होतं. कुणी काही बोलायच्या आत भिंतीजवळून लंकाबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "माझाच पाय लागला, मास्तर." आता म्हाताऱ्या बाईला काय बोलणार? मी म्हटलं, असू द्या, त्यात काय एवढं. पण दाजी, तुमच्यापाशी लपवत नाही, त्या दिवसापासून मी त्यांच्यावर मनातून धुमसतो आहे. खुर्चीवर बसलेल्या बाईने पाय स्वस्थ ठेवायला काय हरकत होती? आणि या वयात त्यांचा पाय भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत पोचला कसा, याचं मला आजही नवल वाटतं. बाईंनाही लागलेलं दिसतं, कारण तेव्हापासून दर शनिवारी त्या स्वतःच्या कोंबडीची दोन अंडी एस्तेरसाठी पदराखाली घेऊन येतात. अंडी आम्ही खातो आणि मी चरफडतो.

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिले काही दिवस आम्ही घरगुती उपाय केले. काडेपेटीची काडी कोरून, एसटीच्या तिकिटाची घडी करून त्या भोकात बसवली आणि रेबेकाने वायर अमुक एका बाजूला ओढून, श्वास रोखून धरली की यंत्रावरचा हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की एस्तेर घाईघाईने लिहायला बसायची. पण यंत्राला जागं व्हायला जितका वेळ लागतो तितका वेळ रेबेकाला हात स्थिर ठेवता येत नाही, आणि एकदा तो ठेवता आला तर तिला शिंक आली. त्यानंतर रेबेकाने सांगितलं की संसारात तिने बरंच काही धरून ठेवलं आहे, ही वायर आता दुसऱ्या कुणीतरी धरावी. मी नगरला एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे गेलो. तो यंत्र उघडायला तयार नव्हता, पण मला सहा महिन्यांच्या कोर्सला बसवायला तयार होता.

शेवटी राहुरीच्या बाजारपेठेतल्या आसारामकडे गेलो. आसाराम रेडिओ-टीव्हीचा मेकॅनिक. त्याचा हात चालू आहे आणि तोंडही. त्याने यंत्र उलटं केलं, सगळे स्क्रू काढले, आत डोकावून बराच वेळ जिभेने चकचक आवाज केला आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये सॉकेट हितं न्हाई मिळायचं. पन मी म्हन्तो सॉकेट लागतंयच कशाला?" त्याचं म्हणणं असं, की वायर कायमची लावायची असेल तर ती काढता-घालता यायची गरजच काय? त्याने अडॅप्टरच्या वायरीची पिन कापून टाकली आणि तारा थेट आतल्या सर्किटच्या पट्टीला डाग देऊन जोडल्या. म्हणजे वायर आता लॅपटॉपच्या पोटातूनच बाहेर यायची. दिसायला ते फार वाईट दिसत होतं, पण दिवा लागला! मी डोळ्यांनी पाहिला. यंत्र बंद करताना दोन स्क्रू उरले, ते त्याने कंपनीने जास्तीचे टाकले असतील म्हणून काडेपेटीत घालून यंत्राबरोबरच ठेवले. डाग नीट धरतो का हे बघायला त्याने यंत्र दोन दिवस ठेवून घेतलं, आणि रविवारी त्याला आमच्याच गावात कुणाची तरी अँटेना बसवायला यायचं होतं म्हणून मी म्हटलं, मग तेव्हाच घेऊन ये, मी सकाळभर उपासनेला देवळात आहे. यंत्र गुंडाळून न्यायला मी घरून रेबेकाचा चौकड्यांचा टॉवेल नेला होता, तो त्याच्याकडेच ठेवला.

त्या रविवारी आमच्या देवळात कापणीचा सण होता.

तुम्ही पुण्याला स्थायिक झाल्यापासून आमचा सण पाहिलेला नाही, म्हणून आठवण देतो. ज्याच्या शेतात, परड्यात, घरात जे पिकलं ते तो देवापुढे आणून ठेवतो : बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी, गुळाच्या ढेपी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव. आणि लिलाव पुकारतो मी. (माझ्या आधी आमचे वडील पुकारत.) त्यात सगळ्यात रंग चढतो तो बांधलेल्या गाठोड्यांना, कारण काही जण आपली वस्तू मुद्दाम फडक्यात बांधून आणतात, ती न उघडता विकायची आणि घेणाऱ्याने घरी जाऊन उघडायची अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे. दारात गोजरबाई उभ्या असतात. जो कोणी हातात काही घेऊन येईल त्याच्याकडून ते घेऊन पुढच्या टेबलावर मांडायचं, हे त्यांचं काम. आसाराम गाठोडं घेऊन दारात आला, गोजरबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि भोपळा आणि गुळाची ढेप यांच्या मधे नेऊन ठेवलं. आसारामला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी नंतर त्याच्यावर ओरडलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, की आमी खंडेनवमीला पक्कड-स्क्रूड्रायव्हर देवापुढं मांडतो, मला वाटलं तुमीबी मशीन मांडताय. त्याने तिथूनच हात जोडले आणि तो अँटेना बसवायला निघून गेला. एस्तेर त्या दिवशी विद्यापीठाच्या शेतावर होती आणि रेबेका देवळामागे जेवणाच्या डाळीपाशी.

दाजी, आता गोळी घेतली नसेल तर घ्या.

ते गाठोडं मी स्वतः विकलं. रोज सकाळी ज्या टॉवेलला तोंड पुसतो तो टॉवेल मी ओळखला नाही. उलट गाठोडं हातात घेऊन मी वर धरलं, बोटाने वाजवून दाखवलं, कानाशी नेऊन हलवलं आणि सगळ्या मंडळींना सांगितलं की आत काहीतरी खुळखुळतंय. (काडेपेटीतले दोन स्क्रू.) मंडळी हसली, मला आणखी चेव आला. चापट आहे, टणक आहे, वजनदार आहे, जो घेईल त्याच्या सात पिढ्या नाव काढतील, असं बरंच काही मी बोललो. कारभारी पिठाच्या गिरणीवाला आमच्या मंडळीतला नाही, पण शेजारी म्हणून दरवर्षी लिलावाला येतो आणि भोपळा घेऊन जातो. तो बोली लावायला लागला. भाव अडकला तेव्हा तो चढावा म्हणून मी माझीच एक बोली लावली. म्हणजे एक क्षणभर, दाजी, ते गाठोडं कायदेशीर माझं होतं! पण मी कारभारीकडे बघून हात ओवाळले, त्याला डिवचलं, त्याने माझ्यावर बोली चढवली, आणि मी आनंदाने टेबलावर हात आपटून ते त्याला देऊन टाकलं. देवळात टाळ्या वाजल्या. असा लिलाव बऱ्याच वर्षांत झाला नाही, असं पाळकसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आसाराम आला कसा नाही म्हणून भांडायला मी राहुरीला गेलो, आणि तिथे मला सगळं कळलं. परतीच्या टेम्पोतून उतरलो तो थेट गिरणीवर गेलो. कारभारीने रविवारी संध्याकाळीच गिरणीत गाठोडं उघडलं होतं. वायर दिसली, वायरीला प्लग दिसला, म्हणून त्याने तो भिंतीत खुपसला. आणि दाजी, यंत्र चालू झालं! कारभारीने सांगितलं, "वर इंग्रजीत लई लिवलेलं आलं, आन शेवटी एक दांडी लुकलुक करीत हुती." म्हणजे प्रबंध जागेवर आहे, जसाच्या तसा आहे, एस्तेरची वाट बघत लुकलुकतो आहे. पण एवढ्यात दळण आलं, त्याने गिरणी सुरू केली, पट्ट्याजवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी धान्याच्या पोत्यात वायर अडकली आणि हिसका बसला. तुम्ही दोनदा सांगितलेला तोच हिसका. वायर आली ती डागासकट, आणि खालच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघाही घेऊन आली. कारभारी बिचारा ओशाळा झाला. यंत्र त्याने परत केलं, वर पायलीभर बाजरीचं पीठ दिलं, आणि देवाच्या कामाला दिलेले पैसे परत मागायचे नसतात म्हणून बोलीचं नावही काढलं नाही. मी यंत्र उचललं तेव्हा बटणांच्या फटींमधून पीठ सांडलं.

आसारामने दुसऱ्यांदा उघडून पाहिलं आणि हात टेकले. तो एवढंच म्हणाला की आता डाग द्यायला जागाच उरली नाही. पूर्वी त्या जागी एक मोडकं सॉकेट तरी होतं, आता नुसतं भोक आहे, त्यातून आतलं पीठ दिसतं.

एस्तेरला मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने यंत्र टॉवेलने पुसलं, स्टुलावर होतं तिथे ठेवलं आणि शेजारी बसून रेघांच्या कागदांवर पहिल्यापासून लिहायला घेतलं. आकडे समोर आहेत, पण त्यांच्याबद्दल आपण काय म्हटलं होतं ते तिला नीट आठवत नाही. अर्धं पान लिहिते, फाडते, यंत्राकडे बघते. पहिलं प्रकरण अजून पुरं झालेलं नाही आणि जानेवारी तर समोर उभा आहे. ती माझ्यावर चिडत नाही, आवाज चढवत नाही, चहा वेळेवर देते. मला तिच्याकडे बघवत नाही, दाजी. शाळेत मुलांना शुद्धलेखन सांगताना मी एकच ओळ पुन्हा पुन्हा सांगतो आणि मुलं एकमेकांकडे बघतात. बापाने मुलीसाठी काही करावं अशी आमच्या परिस्थितीत फारशी सोय नव्हती, जे होतं ते तुम्ही आणून दिलंत, आणि ते मी भोपळ्यांबरोबर विकलं.

असो. अशी सगळी खुशाली आहे. अक्काला सांगा की शेंगांचा डबा पोचला, डबा परत पाठवायचा राहिला आहे. पुण्याची थंडी कशी आहे? कानटोपी घालत जा. नाताळाला याल तेव्हा सावकाश बोलूच, तोवर तुमच्या मनात माझ्याविषयी जे येईल ते प्रभूच्या हाती सोपवा, म्हणजे मला ते थोडं उशिरा मिळेल.

तुमचा आज्ञेत न राहिलेला मेहुणा,
याकोब

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं धरू नये. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते ज्या मुलीने तुमच्या हातात दिलं ती एस्तेर अजून दारातच उभी असेल, आणि तिच्या हातात चौकड्यांच्या टॉवेलातलं ते गाठोडं असेल. आधी तिला आत घ्या. मग तुमच्या कंपनीत यंत्रांच्या पोटातलं जाणणारा जो कोणी इंजिनिअर असेल त्याच्याकडे तिला घेऊन जा. यंत्र वाचलं नाही तरी चालेल, आतलं लिहिलेलं तेवढं बाहेर काढा. प्रबंध छापून होईपर्यंत तिला ठेवून घ्या. ती जेवायला कमी मागते, तिच्या ताटाकडे अक्काने लक्ष द्यावं. रागवायचं असेल तर मला कार्ड टाका, मोठ्या अक्षरात टाका, पण तिला काही बोलू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी मी पत्र रेबेकाला वाचून दाखवतो, तसं हेही दाखवलं. ती मेथी निवडत होती. लंकाबाईंच्या पायापाशी आलो तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, बाईंचा पाय कसा असेल, त्या भिंतीशी खुर्चीवर होत्या, तुम्ही झुलत झुलत मागे गेलात आणि वायर तुमच्या टाचेत अडकली. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, बघितलं. म्हटलं, प्रार्थना चालू असताना? त्यावर तिने जुडी पुन्हा हातात घेतली. निवडता निवडता म्हणाली की पाळकसाहेबांनीसुद्धा बघितलं, गोजरबाईंनीसुद्धा बघितलं, आवाज झाल्यावर कोण डोळे मिटून बसेल? मग मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, लंकाबाईंनी हात वर केला, त्यानंतर मी काय सांगणार?

ता. क. ३. पत्र तसंच टाकून मी लंकाबाईंकडे जाऊन आलो. बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी म्हटलं, बाई, पाय माझा होता. त्या म्हणाल्या, "व्हय, मला ठाव हाय की. मी तर समदं बघत हुते." मग स्वतःवर का घेतलंत म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "मास्तर, तुमी डोळं मिटून हुबं. आन पोरगी तुमच्याकडं बघत हुती. तिचं त्वांड मला बघवलं न्हाई. म्हनून म्हनले, माझा पाय लागला. मला म्हातारीला कोन काय बोलतंय? पन पोर बापावर चिडली की लई दिस जात्यात." त्यांनी मला निघताना दोन अंडी दिली. आज शनिवारसुद्धा नाही. मी ती घेतली आणि त्यांच्या अंगणातच उभा राहून रडलो.

ता. क. ४. म्हणजे दाजी, दिवाळीपासून एस्तेरला सगळं ठाऊक आहे आणि चहा मात्र वेळेवर येतो आहे. मला हे कळलं आहे हे तिला सांगू नका, ते मी तिला नाताळात स्वतः सांगेन. हे पत्रही तिला वाचायला देऊ नका. आणखी एक. आमच्या वडिलांना माझे उघडे डोळे कसे दिसायचे, हेही मला आज कळलं. तुमच्याकडे जेवणानंतरच्या प्रार्थनेला एस्तेरचे डोळे उघडे दिसले तर तिला टोकू नका. यंत्र दुरुस्त होऊन टेबलावर आलेलं असेल, आणि वायरीकडे कुणीतरी बघायलाच हवं.